रात्रीपुरती जागा

शास्त्रवाचन : शास्ते १९:१४-२१, लूक ९:५१-५६, ३ योहान १-१२
पाठांतरासाठी : रोमकरांस १२:१३

पाहुणचाराचा पाठ आला की आपल्या संडे-स्कुलांत बहुधा मम्रे येथील अब्राहामाची गोष्ट सांगितली जाते. गोष्ट उत्तमच आहे. परंतु तीत कोवळे वासरू, सपिठाच्या भाकरी, दूध, दही असा सगळा थाट असल्याने पाहुणचार म्हणजे मेजवानी, अशी समजूत मुलांच्या मनात बसते, आणि मोठ्यांच्या मनातून ती निघत नाही. ज्याच्या घरी वासरू नाही त्याने मग काय करावे? ह्या महिन्यात आम्ही शिक्षकांपुढे त्याहून लहान वस्तू ठेवीत आहोत. जेवण नव्हे, अंथरूण-पांघरूण नव्हे, भेटवस्तूही नव्हे. फक्त रात्रीपुरती जागा.

सुरुवात थोडी दूरच्या देशातून करू.

चाकांवरचे घर

अमेरिकेत मोटारीच्या मागे आकड्याने जोडून ओढून न्यायचे घर पुष्कळ लोक बाळगतात. त्याला तेथे ट्रेलर म्हणतात. ज्या गाडीत इंजिन आणि घर एकत्रच असते ती निराळी. पण दोन्ही प्रकारांना मिळून आर. व्ही. असे नाव आहे. आत निजण्याची जागा, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, मोरी आणि संडास. खाली तीन टाक्या : एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. मागच्या दोन भरल्या म्हणजे नेमून दिलेल्या ठिकाणी जाऊनच रिकाम्या करावयाच्या. वाटेल तेथे सोडून देणे हा गुन्हा आहे. छपरावर सौर पत्रे आणि पोटात बॅटऱ्या असल्या की दिवाही लागतो. नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी महिनेच्या महिने अशी फिरतात. आपल्या मंडळ्यांतील ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांपैकी काहींनी ही घरे पाहिली असतील.

अशा घरांसाठी तेथे मुक्कामाची मैदाने असतात. भाडे भरले की वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. परंतु सुटीच्या दिवसांत ती भरून जातात, आणि लांबच्या वाटेवर मधली एखादी रात्र अशी येते की काही सोयी नकोत, गाडी उभी करून डोळे मिटण्यापुरती सपाट जमीन मिळाली तरी पुरे. काही मोठी दुकाने आपल्या वाहनतळावर रात्रभर थांबू देतात. तेही स्थानिक नियम आणि दुकानाच्या व्यवस्थापकाची परवानगी असेल तरच.

ह्या मधल्या रात्रीसाठी एका जोडप्याने २००९ साली हार्वेस्ट होस्ट्स नावाची योजना सुरू केली. प्रवाशांनी वार्षिक वर्गणी भरावयाची, आणि शेतकरी, फळबागवाले, द्राक्षमळेवाले, लहान संग्रहालये अशा यजमानांनी आपल्या आवारात त्यांना एक रात्र उभे राहू द्यावयाचे. (दारूच्या गाळपाची ठिकाणेही त्या यादीत आहेत. आपल्या वाचकांना ते रुचणार नाही, पण लपवून ठेवण्याचे कारण नाही.) आज ह्या यजमानांची संख्या काही हजारांत आहे. फ्रान्समध्ये फ्रान्स पॅशन ह्या नावाने अशीच व्यवस्था १९९३ पासून चालू आहे. कॅनडातील एका आईने व तिच्या मुलीने २०१२ साली बूनडॉकर्स वेलकम ही आणखी एक योजना काढली. तिच्यात यजमान म्हणजे साधी घरे, ज्यांच्या अंगणात किंवा घराच्या बाजूच्या वाटेवर एक गाडी मावेल एवढी जागा आहे. ही योजना २०२१ साली पहिलीत सामील झाली.

नियम साधे आहेत. आगाऊ विचारल्याशिवाय येऊ नये. गाडीत स्वतःचा संडास आणि स्वयंपाकाची सोय असलीच पाहिजे. तंबू ठोकणाऱ्यांना मुभा नाही. मुक्काम साधारणपणे एका रात्रीचा. यजमानाच्या जमिनीवर थेंबभरही सांडपाणी सोडावयाचे नाही. शेतावर उतरलात तर निघण्यापूर्वी तेथले काही तरी विकत घ्यावे : अंडी, मध, चीज, मुरंबा, जे असेल ते.

हा व्यवहार आहे, धर्मकार्य नव्हे. शेतकऱ्याचा माल खपतो, प्रवाशाचे भाडे वाचते, आणि संध्याकाळी दोन घटका बोलणे होते. शिक्षकांनी त्याला उगाच पुण्याईचा रंग देऊ नये. मात्र ह्या व्यवहारातील एक गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. पाहुणा आपली सगळी गरज आपल्याबरोबर घेऊन येतो आणि फक्त जमीन मागतो. त्यामुळे यजमानाचे दार उघडणे सोपे होते. शेतकऱ्याच्या बायकोला रात्री आठ वाजता पीठ मळावे लागत नाही.

गिब्याचा चौक

आता शास्ते १९ उघडा. एक लेवी आपली उपपत्नी व गडी ह्यांच्यासह बेथलेहेमाहून उत्तरेस एफ्राईमाच्या डोंगराळ मुलखाकडे निघाला आहे. निघायलाच उशीर झालेला. यबूस, म्हणजे पुढचे यरुशलेम, जवळ येते तोवर दिवस कलला. गडी म्हणतो, येथेच उतरू. लेवी नाही म्हणतो. कारण ते परक्यांचे नगर आहे. आपण पुढे जाऊ, आपल्या लोकांच्या गावात उतरू, असा त्याचा हिशेब. गिबा हे बन्यामिनी लोकांचे, म्हणजे इस्राएलाच्याच भावांचे गाव. तेथे सूर्य मावळला. ते चौकात जाऊन बसले. कोणी त्यांना घरी नेले नाही.

सगळ्या गावात विचारपूस करणारा एकच निघाला : शेतातून कामावरून परतणारा एक म्हातारा. आणि तो गिब्याचा नव्हताच. तो एफ्राईमाकडून येऊन तेथे राहिला होता. परगावच्या माणसालाच परगावचा माणूस दिसला.

त्या म्हाताऱ्याला लेवी काय सांगतो ते एकोणिसाव्या वचनात पाहा. गाढवांसाठी पेंढा आहे, वैरण आहे; आम्हां तिघांसाठी भाकर व द्राक्षारस आहे; कशाचीही वाण नाही. आजच्या भाषेत सांगावयाचे तर त्याचा ट्रेलर भरलेला होता. तो कोणाच्या ताटातला घास मागत नव्हता. त्याला हवे होते एक छप्पर आणि आतून लागणारी कडी. गिब्याने तेवढेही दिले नाही. म्हणजे हा प्रश्न गरिबीचा नव्हता, दुष्काळाचाही नव्हता. जे द्यायला काहीच खर्च नव्हता ते नाकारले गेले.

म्हाताऱ्याचे उत्तरही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तुमचे तुम्ही आणले असले तरी उणे काय असेल ते माझ्यावर, असे तो म्हणतो, आणि एकच गोष्ट नको म्हणतो : चौकात रात्र काढू नका. त्या चौकात रात्री काय होते हे त्याला ठाऊक असावे.

शिक्षकांस येथे एक सूचना. बाराव्या वर्षाखालील मुलांच्या वर्गात एकविसाव्या वचनापुढे जाऊ नये. त्या रात्रीचा शेवट भयंकर आहे. त्या बाईवर जे ओढवले त्यात गावातील नीच लोक तर दोषी आहेतच, पण ज्याने तिला दाराबाहेर ढकलले तोही दोषी आहे, आणि ज्या म्हाताऱ्याने आधी एवढी आस्था दाखवली त्यानेही पाहुण्याला वाचवण्यासाठी स्त्रियांना पुढे करण्याची तयारी दाखवली. तरुणांच्या वर्गात हे झाकू नये. पाहुण्याची अब्रू राखताना घरातील स्त्रीची किंमत मोजली जाते काय, हा प्रश्न त्या अध्यायातच उभा आहे.

हाच प्रश्न कमी भयंकर रूपात आपल्या घरांत रोज येतो. पाहुणा येतो तेव्हा पाळकसाहेब किंवा वडीलमंडळी बैठकीत बोलत बसतात. चुलीजवळ कोण असते? मार्थेची कुरकुर प्रभूने ऐकली, तिला उत्तरही दिले. परंतु त्या दिवशी भांडी कोणी घासली हे लूक सांगत नाही. पेत्र पहिल्या पत्रात (४:९) कुरकुर न करता पाहुणचार करा असे सांगतो, ह्यावरून पहिल्या शतकातही कुरकुर होत होती हे उघड आहे. आमचे मत असे की कुरकुर बंद करण्याचा खरा उपाय उपदेश हा नव्हे, ओझे कमी करणे हा आहे. शूनेमच्या बाईने हे फार सुरेख साधले (२ राजे ४:८-१०). अलीशा वारंवार त्या वाटेने जाई. तिने माडीवर लहानशी खोली बांधवली आणि तीत चार वस्तू ठेवल्या : खाट, मेज, बसायला आसन आणि दिवा. पाहुणा यावा, वर जावे, विसावा घ्यावा. दर खेपेस घर ढवळून निघत नाही. ‘असेल ते गोड करून घ्या’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात मात्र पाहुणा आला की उसनी साखर आणतो.

किती दिवस?

एकच रात्र, हा अमेरिकेतील नियम ऐकून आपल्या जुन्या माणसांना तो कोरडा वाटेल. परंतु मंडळीच्या इतिहासात असा नियम फार जुना आहे. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ किंवा डिडाखे नावाचे एक लहान पुस्तक आहे. ते पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे असावे असे बहुतेक विद्वान मानतात. शेकडो वर्षे ते हरवलेले होते. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे फिलोथिओस ब्रायेनिओस ह्यांना त्याची १०५६ सालची हस्तलिखित प्रत सापडली आणि १८८३ साली त्यांनी ती छापली. त्यात फिरत्या प्रेषितांविषयी नियम आहेत. येणाऱ्याचे प्रभूप्रमाणे स्वागत करावे; त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दुसरा; तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर न्यावी. पैसे मागू लागला तर तोही खोटा. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवस चालतील. त्याला तेथेच राहावयाचे असेल आणि हाताला काही धंदा येत असेल तर त्याने काम करून खावे.

नियम कडक दिसतो, पण तो दार बंद करण्यासाठी केलेला नाही. दार उघडे ठेवणे परवडावे म्हणून केलेला आहे. पाहुणा कधी जाईल हे ठाऊक असले म्हणजे त्याला ‘या’ म्हणणे जड जात नाही.

पौलाच्या प्रवासातही मुक्कामांची लांबी निरनिराळी दिसते. प्रेषितांची कृत्ये अध्याय २१ मध्ये तो सोर येथे सात दिवस राहतो, कारण तारवाचा माल तेथे उतरवावयाचा होता. प्तलमैस येथे एकच दिवस. कैसरीयात फिलिप्प सुवार्तिकाच्या घरी बरेच दिवस. पुढे यरुशलेमेच्या वाटेवर म्नासोन नावाच्या कुप्री शिष्याकडे उतरण्याची सोय होते. ह्या म्नासोनाविषयी पवित्र शास्त्रात आणखी एक शब्दही नाही. त्याने प्रवचन केले, पत्र लिहिले, चमत्कार केला, असे काही नाही. तो जुना शिष्य होता आणि त्याच्याकडे जागा होती. एवढ्यावर त्याचे नाव शास्त्रात राहिले. सोर येथून निघताना बायकामुलांसह सगळे शिष्य समुद्रकाठापर्यंत पोहोचवायला आले, हेही मुलांना सांगावे. समुद्र न पाहिलेल्या मुलांना एस. टी. स्टँड म्हटले तरी चालेल.

चिठ्ठी आणि दियत्रेफेस

अनोळखी माणसाला घरात घ्यावयाचे तर तो कोण हे कळले पाहिजे. अमेरिकेतील योजनेत ते सभासदत्वाने होते. पहिल्या मंडळीत ते शिफारसपत्राने होई. फिबीसाठी पौलाने रोमकरांस १६ मध्ये अशी शिफारस लिहिली आहे, आणि देमेत्रियाविषयी योहानाने आपल्या तिसऱ्या पत्रात. चौकशी करणे म्हणजे प्रीतीचा अभाव, असे समजू नये.

तिसरे योहान हे पत्र आपल्या मंडळ्यांत क्वचित वाचले जाते. एका पानाचे तर आहे. त्यात दोन यजमान आहेत. गायस परक्या बंधूंनासुद्धा घरात घेतो व देवाला शोभेल अशा रीतीने पुढच्या प्रवासाला त्यांची बोळवण करतो. दियत्रेफेस स्वतः कोणाला घेत नाही. तेवढ्यावर थांबत नाही. जे घेऊ इच्छितात त्यांना मना करतो आणि मंडळीबाहेर घालवतो. हा तिसरा प्रकार अगदी परिचित आहे. घरात नवऱ्याची तयारी असते, बायकोची असते, पण शेजारी काय म्हणतील, समाज काय म्हणेल, पंच काय म्हणतील ह्या भीतीने दार उघडत नाही. दियत्रेफेस प्रत्येक वेळी एकच माणूस असतो असे नाही.

अमेरिकेतच पाहावयाचे तर आज सुखाने ट्रेलर फिरवणाऱ्यांच्या देशात फार जुनी नसलेली दुसरी एक यादी होती. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्युगो ग्रीन ह्या टपाल-कर्मचाऱ्याने १९३६ साली कृष्णवर्णीय मोटार-प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. ती ‘ग्रीन बुक’ म्हणून ओळखली जाते. कोणत्या गावी कोणते हॉटेल, कोणता पेट्रोलपंप, कोणते घर आपल्याला घेईल, हे तीत असे. पुष्कळ गावांत हॉटेले त्यांना घेत नसत, म्हणून साधी कुटुंबे आपल्या घरातली खोली देत. त्यांचे पत्ते तीत छापलेले असत. काही गावे तर अशी होती की सूर्य मावळण्यापूर्वी कृष्णवर्णीयाने तेथून बाहेर पडावे असाच दंडक होता. गिब्याचा चौक आठवावा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतील असा नकार बेकायदेशीर ठरला, आणि १९६६-६७ च्या आवृत्तीनंतर ते पुस्तक बंद झाले. एका यादीतील यजमान हौसेच्या प्रवासाला जागा देतात. दुसऱ्या यादीतील यजमानांनी जीव वाचवला. दोन्ही याद्या वर्गात शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या.

बडोदे, १९१७

आपल्याकडची गोष्ट सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. बडोद्याच्या वाचकांना ती ठाऊक असेल, पण तिच्यातील एक भाग ख्रिस्ती व्यासपीठावरून सहसा सांगितला जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून, लंडनमधील अभ्यास अर्धा सोडून १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले. राहावयाचे कोठे, हा पहिला प्रश्न. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आपल्या आठवणींत त्यांनी हे सविस्तर लिहिले आहे. हिंदू खाणावळी घेणार नाहीत म्हणून ते एका पारशी उतारशाळेत पारशी नाव लावून राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानात ते एकटेच. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून गेले.

त्यांचे बडोद्यात दोन मित्र होते. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटले. पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. हा मित्र पूर्वी त्यांना आपल्या घरी राहायला बोलावून चुकला होता. त्याने सांगितले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर पती उदार मनाचा झाला, परंतु पत्नी सोवळ्याओवळ्याच्या जुन्या रीतीनेच चालत होती आणि अस्पृश्याला घरात घ्यायला तयार झाली नसती, असे बाबासाहेबांना मागाहून कळले. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले तास त्यांनी कामाठीबागेत काढले. आज ती सयाजीबाग आहे, आणि तेथील स्मरणस्थळाला संकल्पभूमी म्हणतात.

ह्यात त्या मित्राचे नाव नाही, ते बरे आहे. नाव असते तर दोष एका घराण्यावर टाकून आपण मोकळे झालो असतो. बाप्तिस्मा झाला होता. शास्त्र घरात असेल. त्यात गलतीकरांस ३:२८ होते, मत्तय २५ होता. दार मात्र उघडले नाही. आपल्या मंडळ्यांत कोणकोणत्या जातींतून कोणकोण आले हे आपण एकमेकांना विचारत नाही, पण बहुतेकांना ठाऊक असते. आणि सोयरीक जुळवताना किंवा घर भाड्याने देताना ते आठवते. त्या चार वाजताच्या उत्तरावर तरुणांच्या वर्गाने बोलावे. पत्नी आल्यावर विचारतो, हे वाक्य आज कोणत्या रूपात बोलले जाते?

प्रभूला स्वतःलाही एका गावाने रात्रीची जागा नाकारली होती (लूक ९:५१-५६). त्याचे मुख यरुशलेमेकडे होते, एवढेच शोमरोनी लोकांचे कारण. याकोब व योहान आकाशातून अग्नी मागवायला निघाले. प्रभूने त्यांना धमकावले, आणि ते दुसऱ्या गावी गेले. हा उतारा कधी कधी चुकीच्या ठिकाणी लावतात : ज्यांना दार नाकारले गेले त्यांना, गप्प राहा आणि दुसरीकडे जा, असे सांगण्यासाठी. तसा त्याचा अर्थ नाही. धमकावणी मिळाली ती अग्नी मागणाऱ्यांना. जागा न देणाऱ्या गावाविषयी प्रभू काय म्हणतो ते पुढच्याच अध्यायात (१०:१०-१२) आहे, आणि ते सदोमाच्या नावासह आहे.

आपल्या मंडळीत

धर्मशाळा हा आपल्या भूमीचा जुना ठेवा आहे. इंदूरकडच्या वाचकांना अहिल्याबाई होळकरांचे (१७२५-१७९५) घाट, विहिरी आणि धर्मशाळा सांगावयाची गरज नाही. मिशनरी व आपले पहिले सुवार्तिक थंडीच्या दिवसांत तंबू आणि बैलगाडी घेऊन खेडोपाडी हिंडत. त्यांचे तंबू म्हणजे त्या काळचे ट्रेलरच म्हणावे. एखादा पाटील आमराईत जागा देई, एखादा देत नसे.

आज आपल्या मंडळ्यांच्या दाराशी जे येतात ते बहुधा तीन कारणांनी येतात. इस्पितळात आलेल्या रोग्याचे नातलग. परीक्षेला किंवा मुलाखतीला आलेली तरुण मुले-मुली. आणि बदली होऊन आलेले, भाड्याची खोली शोधणारे कुटुंब, ज्यांना नाव सांगताच ‘जागा गेली’ असे उत्तर मिळते. बेळगाव, हैदराबाद, ग्वाल्हेर, कोठेही पाहा. ह्यांपैकी पहिल्या दोघांना जेवण बाहेर मिळते. त्यांना चटई, पंखा, स्वच्छ संडास आणि कडी लागणारे दार हवे असते.

परदेशातील मंडळ्यांनी ह्यासाठी काही व्यवस्था केल्या आहेत, त्या पाहण्याजोग्या आहेत. अमेरिकेतील मेनोनाइट लोकांनी १९७६ पासून आपल्यांतील यजमान-घरांची यादी छापून प्रवाशांना दिली. त्यात रात्रीसाठी एक लहानशी देणगी ठेवून जाण्याची रीत होती. तेथील युनायटेड मेथडिस्ट मंडळीत १९८८ साली नोमॅड्स ह्या नावाने एक स्वयंसेवक-संघ सुरू झाला. निवृत्त लोक आपले ट्रेलर घेऊन एखाद्या चर्चच्या किंवा शिबिराच्या आवारात उतरतात, यजमान त्यांना जागा, वीज, पाणी देतात, आणि ते काही आठवडे तेथे सुतारकाम, रंगकाम, डागडुजी करतात. डिडाखेतील हाताला धंदा असलेला वाटसरू येथे भेटतो.

आपल्याकडे ट्रेलर नाहीत, त्यांची जरूरही नाही. मंडळीच्या हॉलशेजारची एखादी खोली, जीत सध्या मोडकी बाके आणि नाताळचा गोठा ठेवलेला असतो, ती रिकामी करणे पुष्कळ ठिकाणी शक्य आहे. ज्या घरांना एका रात्रीसाठी एक माणूस ठेवणे जमते त्यांनी सेक्रेटरीकडे नाव द्यावे. किती माणसे, पुरुष की स्त्रिया, जेवण की फक्त जागा, हे आधीच लिहून द्यावे. ज्याला जमत नाही त्याने नाही म्हणावे, त्यात कमीपणा नाही. येणाऱ्याने आपल्या पाळकाची चिठ्ठी व ओळखपत्र आणावे. पण चिठ्ठी नाही म्हणून इस्पितळाच्या फुटपाथवर रात्र काढणाऱ्या बाईला परत पाठवू नये. अशा वेळी पाळकसाहेबांनी इस्पितळात चौकशी करावी. मुलांच्या खोलीत अनोळखी पाहुण्याला निजवू नये, आणि एकट्या राहणाऱ्या बहिणीच्या घरी अनोळखी पुरुषाला पाठवू नये. परदेशी नागरिक उतरला तर २४ तासांच्या आत ठरलेल्या नमुन्यात सरकारकडे कळवावे लागते. हा नियम खासगी घरांनाही लागू आहे, म्हणून तो सेक्रेटरींनी माहीत करून घ्यावा.

शिक्षकांसाठी

लहान वर्गात शूनेमच्या खोलीचे चित्र काढवावे. चारच वस्तू, पाचवी कोणती ठेवाल ते मुलांना विचारावे. कोणी मोबाइलचा चार्जर म्हणाले तर हसू नये, रोग्याच्या नातलगाला तो दिव्याइतकाच लागतो.

मोठ्या वर्गात नकाशावर बेथलेहेम, यबूस व गिबा दाखवून लेवीचा मार्ग रेखावा आणि त्याने यबूस का टाळले ह्यावर बोलावे. नंतर पुढील प्रश्न घ्यावेत.

१. गिब्यात पाहुण्यांना घरी नेणारा माणूस मूळचा कोठला होता? तो बाहेरचा होता ह्याचा त्याच्या वागण्याशी काय संबंध असावा?

२. गायस, दियत्रेफेस आणि देमेत्रिय ह्या तिघांत तुमच्या घराशी कोणाचे अधिक साम्य आहे, असे तुमचे शेजारी म्हणतील?

३. डिडाखेतील दोन दिवसांची मर्यादा आपल्या गावातील इस्पितळाच्या पाहुण्यांना लावता येईल काय? कोणाला लावू नये?

४. बडोद्यातील मित्राने दुपारी चार वाजता दुसरे कोणते उत्तर देणे शक्य होते? त्याला त्यासाठी काय किंमत द्यावी लागली असती?

५. आपल्या चर्चच्या आवारात ह्या घडीला एका माणसाला रात्री निजता येईल अशी जागा कोणती? वर्ग सुटल्यावर सगळ्यांनी मिळून ती पाहून यावी, आणि तिची किल्ली कोणाकडे असते ते विचारून यावे.